मगरीची माफी

वाघोली, ११ जानेवारी

प्रिय बाप्या,

दिवाळीपासून तुझे तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही. कामाची सबब सांगणार होतो, पण तुला ती पटायची नाही. लाज वाटत होती, एवढंच. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच. तो विषय संपला.

चिऊला शाळेत ‘पाल’ म्हणतात. पोटऱ्या पांढऱ्याफटक, कोपरं खरखरीत, रात्री झोपेत खाजवून रक्त काढते. तिनं हे रडत सांगितलं आणि मला सतरा नंबरची खोली आठवली. तू नगरहून आलास तेव्हा तुझ्या नडगीवर नखानं नाव लिहिता यायचं. ‘मगर’ मीच ठेवलं ना? चार वर्षं पुरलं. तू एकदाच म्हणालास, “आमच्या बोअरचं पाणी जड आहे रे.” मी खो खो हसलो होतो. चिपळूणवाल्याला पाण्याचं वजन काय कळणार!

आता कळलंय. इथे अर्धं बोअर, अर्धं टँकर. साबणाला फेस येत नाही, आणि अंगावरचा चिकटपणा जाता जात नाही. नळाच्या तोंडाला पांढरे खडे, डाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाताखाली येते. टीडीएसचं मीटर आणलं, ११०० दाखवलं. तो आकडा मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये फडकवला, तर तिसऱ्या मजल्यावरचे केमिस्ट्रीचे सर म्हणाले, हे सगळे क्षार मिळून झाले. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, तो वेगळा मोजतात. सगळ्यांसमोर! मग थेंबांचं किट आणलं. लालसर पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. ४८० भरलं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० ठीक, दुसरी सोयच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आम्ही चालवून घेणारे.

बिल्डरनं सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढायचं यंत्र, दिलाय बरं का. मिठाच्या गोण्या संपल्यापासून त्यावर कबुतरं बसतात. घरापुरता बसवावा म्हटलं, तर वाचनात आलं की इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर प्रयोग झाला, निम्म्यांना बारा आठवडे सॉफ्टनरचं पाणी. २०११ साली निकाल आला: इसबात फरक नाही. दुसरीकडे वाचलं की जड पाण्यानं धुतलं की साबणातलं रसायन कातडीवर जास्त चिकटून राहतं. आता कुणाचं ऐकू? गणपतीत गावी आठ दिवसांत तिचे पाय लोण्यासारखे झाले होते. मी लगेच पाण्याला श्रेय दिलं. बायको म्हणाली, “भादव्यात कोकणची हवाच ओली असते.” खरंय तिचं, आणि तेच जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी साबण बदललाय, कढत पाणी बंद, अंग ओलसर असतानाच मलम. आठ दिवस झाले. रात्री मी उठून बघतो, खाजवतेय का.

तुझी बदली झाली का रे? वहिनींची परीक्षा? सवडीनं लिही.

आणि एक. तुझ्या आईनं दिलेली करडईच्या तेलाची बाटली मी वास येतो म्हणून खिडकीतून फेकली, आणि तू दोन महिने बोलला नाहीस. ते तेल अंघोळीआधी लावायचास की नंतर? काकूंना विचारून कळव. विचारतंय कोण, ते मात्र सांगू नकोस.

तुझा,
राजा