डॉक्टरकाका, तुमच्या दोन रकान्यांबद्दल

आदरणीय डॉक्टरकाका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय काकूंच्या गुडघेदुखीवर नेता, म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालू नकोस म्हणालात, घातलेलं नाही. हल शहरातली मराठी मंडळी ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी नगरची, नोकरीपायी इंग्लंडात हलला आले आणि घराजवळच्या चर्चची सभासद झाले. आमची इमारत नवी. तिच्या जागी उभं असलेलं जुनं चर्च मे 1941 च्या बॉम्बहल्ल्यांत जळालं. त्या युद्धात हलमध्ये सुमारे 1,200 माणसं बॉम्बखाली गेली, पण शत्रूला पत्ता लागू नये म्हणून बातम्यांत शहराचं नाव नसे. ‘ईशान्य किनाऱ्यावरचं एक शहर’ एवढंच छापत. चर्चबरोबर आधीच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धात पडलेल्या इथल्या मुलांच्या नावांचा ओकच्या लाकडाचा फलकही जळाला. परदेशात पडलेल्या सैनिकांची प्रेतं घरी आणायची नाहीत असं ब्रिटिश सरकारनं ठरवलं होतं. त्यामुळे कितीतरी आयांना हात लावायला होता तो हा फलकच. दर नोव्हेंबरात स्मरण रविवारी, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या आठवणीच्या रविवारी, आजूबाजूच्या चर्चमध्ये एकेक नाव वाचतात. आमच्या पाळकबाई ‘या भागातले सर्व’ म्हणून पुढच्या प्रार्थनेकडे वळायच्या. मला ते खटकायचं. तुम्ही ख्रिस्ती नाही, आमच्या चर्चचे नाही, तरी तुम्हालाही खटकलं. म्हणून ती जळालेली नावं आपण दोघांनी शोधायला घेतली.

अशी नावं कुठेतरी सरकारदरबारी असणारच, असं बहुतेकांना वाटतं. नसतात. चर्चमधले फलक सरकारनं लावलेच नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कमिटी बसली, कोणाचं नाव घ्यायचं ते कमिटीनं ठरवलं. सैन्याच्या कागदांचीही तीच कथा: लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या युद्धखात्याच्या कोठारावर सप्टेंबर 1940 मध्ये बॉम्ब पडले आणि पहिल्या महायुद्धातल्या शिपायांची निम्म्याहून जास्त सेवापत्रकं जळाली. उरलेल्यांना ‘जळके कागद’च म्हणतात.

तुम्ही मला पहिल्यांदा यॉर्कला पाठवलंत. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये भिंतीवर काही कायमचं लावायचं तर धर्मप्रांताची लेखी परवानगी लागते, आणि यॉर्क धर्मप्रांताचं दप्तर तिथल्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहे. अर्ज मिळाला. फलकाचं रेखाचित्र, वर कोरायचं वचन, सगळं होतं. ‘नावांची यादी सोबत जोडली आहे’ असंही होतं. यादी नव्हती. मी बाहेर येऊन तुम्हाला फोन केला तर तुम्ही हसलात आणि म्हणालात, “म्हणजे यादी होती एवढं तरी कळलं.”

मग वर्तमानपत्रं. ‘हल डेली मेल’मध्ये अनावरणाची बातमी सापडली: कोण कर्नल आले, कोणतं गीत म्हटलं, पाऊस कसा होता. नावं नाहीत! त्या वार्ताहराला मी अजून माफ केलेलं नाही. पण त्याच पेपरातल्या छोट्या स्मृती-जाहिराती तुम्ही मला वाचायला शिकवल्यात. मुलगा गेल्याच्या तारखेला आई, बहीण, कधी ठरलेली मुलगी दोन ओळी छापून आणायची, खाली रस्ता आणि घर नंबर. 3 मे या तारखेला तर रकानेच्या रकाने भरायचे, कारण 3 मे 1917 ला फ्रान्समधल्या ओपी गावाजवळ हलच्या पलटणी एका सकाळीत कापल्या गेल्या. ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या या चार बटालियन, आणि त्यांची टोपणनावं तुम्ही किती चवीनं सांगता: दहावी कचेरीतल्या कारकुनांची, अकरावी कारागिरांची, बारावी खेळाडूंची, आणि तेरावी नुसती ‘बाकीचे’. रग्बीपटू जॅक हॅरिसन त्याच दिवशी पडला, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळालं, हलमध्ये आजही त्याचं नाव माहीत आहे. त्याच्या आजूबाजूला पडलेल्या आमच्या गल्लीतल्या पोरांसाठी मात्र ‘जे. स्मिथ’ यातला जे म्हणजे जॉन, जेम्स की जोसेफ इथून सुरुवात.

इथे तुमचं डॉक्टरपण उपयोगी पडलं. निदान एका लक्षणावर करायचं नाही, हा तुमचा नियम. एक नाव आलं की ते युद्धकबर आयोगाच्या, म्हणजे पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत बघायचं, तिथे आईवडिलांचा पत्ता असेल तर 1911 च्या जनगणनेशी जुळवायचा. मग मृत सैनिकांच्या थकबाकीची नोंदवही, तिच्यात पगाराचे उरलेले पैसे कोणाच्या हातात दिले ते लिहिलेलं असतं. मग वेस्टर्न फ्रंट असोसिएशन या पहिल्या महायुद्धाच्या अभ्यासकांच्या संस्थेनं 2012 मध्ये वाचवलेली 60 लाखांवर पेन्शन कार्डं. आणि तरीही तो पोरगा आमच्याच चर्चचा, हे सिद्ध होत नाही. तो चार घरं पलीकडच्या मेथडिस्ट चॅपलला जात असेल, कॅथलिक असेल. त्यासाठी बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही, गायकवृंदाची यादी, संडे स्कूलची बक्षिसं.

म्हणून तुमचे दोन रकाने. डावीकडे ‘फलकावर नक्की’, उजवीकडे ‘असावं’. उजवीकडून डावीकडे एक नाव सरकवायला मी किती हुज्जत घातली! पत्ता जुळतोय, वय जुळतंय, बाप्तिस्मा इथलाच, आणखी काय हवं? तुम्ही शांतपणे म्हणायचात, “तो गेला हे खरं. त्याचं नाव लावलं होतं हे कशावरून?” काही आयांनी नाव देऊच दिलं नाही, कारण ‘बेपत्ता’ म्हणजे मेला हे त्यांना मान्य नव्हतं. काही विधवा पुन्हा लग्न करून दुसऱ्या शहरी गेल्या, नाव द्यायला कोणी उरलं नाही. तेव्हा मला तुमचा राग यायचा. आज ती यादी कोणाच्याही हातात देताना मान वर राहते ती त्या हट्टामुळेच.

आणि तो फोटो. इतकी वर्षं इथे दवाखाना चालवल्यावर शहराची अर्धी घरं तुम्हाला माहीत, पण पेशंटनं सांगितलेलं तुम्ही मला कधी एका शब्दानं सांगितलं नाहीत. तुम्ही फक्त जुन्या कुटुंबांना फोन केलेत आणि म्हणालात, चर्चच्या आत काढलेले लग्नाचे, गायकवृंदाचे फोटो असतील तर या मुलीला दाखवाल का. त्यातल्या एका घरातून 1930 च्या दशकातला गायकवृंदाचा फोटो आला. पोरांच्या डोक्यांमागे आमचा फलक! स्कॅन मोठं करून वरच्या ओळी वाचता आल्या, खालच्या डोक्यांआड. पण रेखाचित्रात फलकाची उंची होती आणि फोटोत ओळींमधलं अंतर. त्यावरून एकूण ओळी किती, याचा अंदाज तुम्ही फुटपट्टीनं काढलात. किती नावं अजून हरवलेली आहेत ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगितलात.

त्या चहावर तुम्ही तुमच्या सातारकडच्या गावाचं बोललात. तिथे दगड आहे: या गावातून इतके महायुद्धावर गेले, इतके कामी आले. नुसते आकडे. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही तसंच. तिकडेच कूटला तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या, पण भिंतीवर नावं कोरली ती गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या जवानांची पलटणवार संख्या. “इथली यादी जळाली तरी,” तुम्ही म्हणालात, “तिथली लिहायचेच कष्ट घेतले नाहीत.” आणि लगेच फुटपट्टी उचललीत. त्यावर मी काही बोलले नाही, पण तुमच्या गावच्या दगडासाठी आयोगाच्या संकेतस्थळावरच्या बसऱ्याच्या नोंदी मी उघडायला लागले आहे. काही जवानांच्या नोंदीत बापाचं नाव आणि गाव आहे. पद्धत तुमचीच, रकानेही दोनच.

आमची यादी आता पाळकबाईंकडे आहे. एक प्रत इंपीरियल वॉर म्युझियमच्या स्मारक-नोंदणीला पाठवली, तिथे नष्ट झालेल्या स्मारकांचीही नोंद ठेवतात. दोन्ही रकाने जसेच्या तसे.

आता एकच भांडण उरलंय. येत्या स्मरण रविवारी ‘असावं’मधली नावंही वाचायची का, असं पाळकबाई विचारताहेत. माझं म्हणणं, वाचावीत. फलकावर असोत नसोत, पोरं इथलीच होती. तुमचं म्हणणं काय असणार ते मला पाठ आहे. शनिवारी काकूंना घेऊन जेवायलाच या, तिथे बोलू. आणि येताना तो मूळ फोटो आणा, त्या घरी परत द्यायचा राहिलाय.

तुमची,
नगरची पोरगी