गॅसमधले गंधक आधी मोजा, मग औषध निवडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ), स्पेंटवॉश (मळीपासून मद्यार्क काढल्यावरचे सांडपाणी), कोंबडीखत, द्राक्षाचा चोथा आणि शहरातला ओला कचरा यांपासून गॅस करायचा आणि तो सीएनजीसारखा विकायचा, अशा प्रकल्पांची आपल्या नाशिक जिल्ह्यात बरीच चर्चा असते. केंद्राची संकुचित बायोगॅससाठीची ‘सतत’ योजना १ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाल्यापासून कारखान्यांच्या सभांमध्येही हा विषय निघतो. भांडवल किती, कर्ज कोण देणार, रोज किती टन गॅस निघणार, याची आकडेमोड चोख असते. गॅसमधले हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे गंधकाचा विषारी वायू, कशाने काढणार, हे मात्र ‘स्क्रबर बसवू’ एवढ्या दोन शब्दांत उरकले जाते. नैसर्गिक वायूच्या धंद्यात या एका प्रश्नावर नव्वदहून अधिक वर्षे डोकेफोड झाली आहे. त्यातले आपल्या कामाचे थोडे मांडतो.

जमिनीतून येणारा गॅस शुद्धच असतो, हा समज सीएनजीच्या रांगेत सर्रास ऐकू येतो. विहिरीतून गॅसबरोबर पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, वाळू, जड हायड्रोकार्बन आणि काही क्षेत्रांत हायड्रोजन सल्फाइडही वर येते. अरबी समुद्रातल्या वसई क्षेत्राचा गॅस असाच गंधकयुक्त आहे. समुद्राखालच्या नळातून तो सुरतेजवळच्या हजिऱ्याला जातो आणि तिथे अमाईनच्या (अमोनियाच्या कुळातल्या अल्कधर्मी रसायनाच्या) द्रावणाने धुतला जातो. धुण्याची ही पद्धत मुळात १९३० च्या पेटंटातली. उंच मनोऱ्यात खालून गॅस आणि वरून द्रावण सोडतात, द्रावण आम्लधर्मी वायू पकडते. मग ते दुसऱ्या मनोऱ्यात ११५ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की पकडलेला वायू सुटतो, द्रावण थंड करून पुन्हा कामाला लावतात. मोनोइथेनॉल अमाईन असेल तर द्रावण १५ ते २० टक्क्यांचे, एमडीईए हे दुसरे अमाईन असेल तर ४० ते ५० टक्क्यांचे. पहिले सगळेच पकडते, पण पोलाद खाते आणि तापवायला उष्णताही जास्त घेते. दुसरे हायड्रोजन सल्फाइड आधी उचलते, कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी सोडून देते.

हे वाचायला सोपे आहे. चालवताना मात्र फेस येतो. द्रावण दुधासारखे उतू जाते, मनोऱ्यातला दाबाचा फरक वाढतो, अमाईन गॅसबरोबर पुढे वाहून जाते आणि गॅस मात्र न धुता निघतो. कारणे ठरलेली असतात. द्रावण आत येणाऱ्या गॅसपेक्षा थंड असले की गॅसमधले जड हायड्रोकार्बन मनोऱ्यातच द्रवरूप होतात. म्हणून द्रावण गॅसपेक्षा निदान ५ अंशांनी गरम ठेवायचे असते. दुसरे कारण आयर्न सल्फाइडची काळी भुकटी. तिसरे कारण अनुभवी माणसालाही चकवते: वर विहिरीवर गंज थांबवण्यासाठी सोडलेले औषध गॅसबरोबर वाहत इथे पोचते आणि साबणासारखे वागते. मग फेस मारायला सिलिकोनचे औषध घालतात. त्याचे काही पीपीएम (दहा लाखांत काही भाग) पुरतात. घाबरून बादलीभर ओतले, तर तेच औषध फेस वाढवते.

बोर्डो मिश्रणात वाटेल ते औषध मिसळायचे नाही, हे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला सांगावे लागत नाही. गॅसच्या रसायनांचा नियम तोच आहे: वर काय घातले त्याचा हिशेब खाली ठेवावा लागतो. अडचण अशी, की विहिरीचे औषध एक पुरवठादार देतो, मनोऱ्याचे दुसरा आणि सांडपाण्याचे तिसरा.

विहिरीचे रक्षण म्हणजे मुख्यतः नळ्यांचे रक्षण. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होते आणि ते पोलाद कुरतडते. या वायूचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, २ बारच्या वर गेला की (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब) साधे पोलाद उघडे सोडू नये, असा जुना ठोकताळा आहे. त्यावर इमिडॅझोलीन किंवा क्वाटर्नरी अमोनियम जातीची औषधे वापरतात. ती धातूवर अतिशय पातळ पापुद्रा धरतात. मात्रा साधारण १० ते ५० पीपीएम. दिवसाला २०० घनमीटर द्रव येणाऱ्या विहिरीला २५ पीपीएमने रोज ५ लिटर औषध लागते, म्हणजे एक छोटा डोसिंग पंप. पंप एक दिवस बंद पडला तर वर काही दिसत नाही. पापुद्रा मात्र विरत जातो, आणि प्रवाह वेगवान असेल किंवा वाळू येत असेल तर लवकर जातो. म्हणून नळीत वजन केलेली पोलादी पट्टी टांगून एक ते तीन महिन्यांनी पुन्हा वजन करतात. वर्षाला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त झीज दिसली की मात्रा, पंप आणि औषध, तिन्ही तपासायचे. मात्रा कागदावर बरोबर आहे एवढ्यावर समाधान मानणारे अभियंते पुष्कळ आहेत. विश्वास पट्टीवर ठेवावा.

हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा वेगळी. नळी पातळ न होताही ते कडक पोलादाला अचानक तडा पाडते. आंशिक दाब ०.३ किलोपास्कल, इतक्या थोड्यापासून हा धोका धरला जातो. म्हणून गंधकयुक्त गॅससाठी वापरायच्या साध्या पोलादाची कठीणता रॉकवेल सी या मापाने २२ च्या आत ठेवायची असते. वेल्डिंगचा सांधा त्या आकड्याच्या वर गेला तर औषध कितीही चांगले असले तरी उपयोग नाही. अंबड-सातपूरच्या ज्या कारखान्यांना अशा टाक्या आणि मनोरे बनवण्याचे काम मिळेल, त्यांनी सांध्याची कठीणता मोजल्याचा कागद स्वतःहून द्यावा.

नळ्यांत बसणाऱ्या क्षारांच्या पुटांबद्दल थोडक्यात. कॅल्शियम कार्बोनेटचे पुट १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने विरघळते, बेरियम सल्फेटचे विरघळत नाही. त्याला डीटीपीएसारखी पकडरसायने लागतात किंवा ते खरवडून काढावे लागते. म्हणून ते होऊच नये यासाठी फॉस्फोनेटचे औषध विहिरीतून खडकात दाबतात, १२ ते २४ तास विहीर बंद ठेवतात, आणि मग ते खडकातून महिनोन्‌महिने थोडे थोडे परत येत राहते. इथे एकच गोष्ट अधोरेखित करतो. काळे पुट दिसले आणि त्यावर आम्ल ओतले, तर ते आयर्न सल्फाइड असू शकते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड भसकन सुटते. बायोगॅसची टाकी वा नळी आम्लाने साफ करतानाही नेमके हेच होते.

आता पाणी. गॅसमधली वाफ काढली नाही, तर दाबाखाली मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखा घट्ट हायड्रेट बनतो, आणि तोही शून्य अंशाच्या बराच वर. ७० बारच्या आसपास १० अंशांनाही तो जमतो. गॅसवाहिन्या बर्फाने नव्हे तर हायड्रेटने तुंबतात, हे संशोधक हॅमरश्मिट यांनी १९३४ साली दाखवले. झडपेतून दाब १० बारने उतरला की गॅस ४-५ अंशांनी गार होतो, म्हणजे विहिरीच्या तोंडाशीच ही जागा तयार असते. उपाय दोन. पहिला, पाण्याच्या वाट्यात मिथेनॉल किंवा ग्लायकॉल मिसळणे. हॅमरश्मिट यांच्याच सूत्राने पाण्यात वजनाने २५ टक्के मिथेनॉल असेल तर हायड्रेट जमण्याचे तापमान सुमारे १३ अंशांनी खाली जाते, तेवढ्याच मोनोइथिलीन ग्लायकॉलने सुमारे ७ अंशांनी. मिथेनॉल स्वस्त, पण बरेचसे गॅसबरोबर उडून जाते. ग्लायकॉल परत मिळते. दुसरा उपाय गॅसच वाळवणे. ट्रायइथिलीन ग्लायकॉल पाणी शोषते, दर किलो पाण्यामागे २५ लिटरच्या आसपास फिरवावे लागते, आणि तापवून पुन्हा कोरडे करतात. तापवताना काटा २०४ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, त्यापुढे ग्लायकॉल स्वतःच फुटायला लागते, आम्लधर्मी होते आणि यंत्र खाते.

हायड्रेटची गाठ बसलीच तर एका बाजूचा दाब सोडून ती काढायचा मोह होतो. दुसऱ्या बाजूचा दाब मग तिला गोळीसारखी फेकतो. दोन्ही बाजूंनी सावकाश दाब उतरवणे, एवढाच सुरक्षित मार्ग आहे.

आता आपल्याकडे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की बातमी होते. पंपावरचा गॅस २०० ते २५० बारला असतो आणि गाडीच्या रेग्युलेटरमध्ये तो दाब एकदम उतरतो. ओला गॅस तिथेच गोठतो. म्हणूनच संकुचित बायोगॅसच्या भारतीय मानकात, आयएस १६०८७ : २०१६ मध्ये, पाण्याचा अंश घनमीटरला ५ मिलिग्रॅमच्या आत आणि एकूण गंधक २० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितले आहे. मिथेन किमान ९० टक्के हवा.

या आकड्यांच्या उजेडात पद्धत कशी निवडावी, याचे एक उदाहरण घेऊ. समजा, प्रकल्पातून रोज ५,००० घनमीटर कच्चा बायोगॅस निघतो आणि त्यात २,००० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड आहे. म्हणजे रोज १० घनमीटर, वजनात सुमारे १४ किलो. ट्रायझिन नावाचे तेलक्षेत्रात नेहमी वापरले जाणारे औषध यावर चालते. ते पुन्हा वापरता येत नाही. एक किलो हायड्रोजन सल्फाइडमागे शुद्ध ट्रायझिन ३.२ किलो लागते, ४० टक्क्यांचे द्रावण घेतले तर ८ किलो. १४ किलोंना दिवसाला ११० किलोंच्या वर द्रावण झाले, आणि हा हिशेब औषधाचा थेंबन्‌थेंब कामी आला असे धरून आहे. जमते, पण खर्च दिसतो. आता स्पेंटवॉशचा गॅस घ्या. त्यात ३ टक्के हायड्रोजन सल्फाइड असणे नवल नाही. मग तेच ५,००० घनमीटर २०० किलोंच्या वर जातात आणि ट्रायझिनचे द्रावण रोज पावणेदोन टनांच्या आसपास लागते. जास्त झिजवलेले ट्रायझिन घट्ट होऊन मनोरा बंद पाडते. शिवाय ते अल्कधर्मी असल्याने पाण्यातला चुना खाली बसतो. म्हणजे गंधक काढायला गेलो आणि पुट कमावले. इतक्या गंधकाला लोहाच्या चिलेट (लोह विरघळलेले धरून ठेवणाऱ्या) द्रावणाची किंवा जीवाणूंची पद्धतच परवडते. तिच्यात गंधक घन स्वरूपात मिळते आणि द्रावण हवेने पुन्हा ताजे होते. तिचीही खोड आहे: गंधकाची साय नळ्यांत बसते, गाळण रोज सांभाळावी लागते.

लहान प्रकल्पांना लोह ऑक्साइडच्या गोळ्यांची टाकी सुचवली जाते. चांगली आहे. दीड किलोहून थोडे जास्त लोह ऑक्साइड एक किलो हायड्रोजन सल्फाइड धरते, प्रत्यक्षात जास्त धरावे. पण वापरलेल्या गोळ्या म्हणजे आयर्न सल्फाइड, आणि ते हवा लागताच आपोआप पेटते. टाकी उघडण्याआधी माल पाण्याने चिंब करावा, बाहेर पातळ पसरून ओला ठेवावा. सुक्या गोळ्या पोत्यात भरून शेडमध्ये रचल्या, तर रात्री आग लागते.

शेवटी नाकाचे. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या, पीपीएमच्या शंभराव्या हिश्श्यालाही येतो. १०० पीपीएमला काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास ‘गेला’ असे वाटते. ७०० ते १,००० ला माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात, चेंबरमध्ये साचतो. चीनमध्ये चोंगचिंगजवळ २३ डिसेंबर २००३ रोजी गंधकयुक्त गॅसची विहीर उसळली तेव्हा २४३ माणसे गेली, त्यांतली बहुतेक आसपासच्या गावांतली होती. घरच्या नळाच्या गॅसला येणारा वास मात्र याचा नव्हे. गॅस आधी गंधकमुक्त करतात आणि गळती कळावी म्हणून मोजून मर्कॅप्टनसारखे गंधकाचेच संयुग पुन्हा घालतात. सगळा उपद्व्याप गंधकाचाच.

म्हणून महापालिका, कारखाने आणि कर्ज देणाऱ्या बँका यांना आपल्या पत्रातून विनंती आहे. निविदेत कच्च्या गॅसचे निदान तीन हंगामांतले पृथक्करण मागवा, कारण गाळप बंद असताना आणि चालू असताना गंधक सारखे नसते. पुरवठादाराकडून दिवसाला किती किलो गंधक निघेल आणि झिजलेले रसायन कुठे जाईल, हे लिहून घ्या. बाहेर जाणाऱ्या गॅसवर सतत चालणारा हायड्रोजन सल्फाइडचा मापक असावा आणि त्याचा आकडा फाटकावरच्या फलकावर दिसावा. प्रत्येक कामगाराच्या खिशाला १० पीपीएमला वाजणारा मीटर असावा. त्याचे सेन्सर झिजते, तेव्हा ते ठरल्या तारखेला ज्ञात वायू सोडून तपासल्याची वही त्याच फाटकावर कुणालाही बघता यावी.

आपला,
एक रसायन अभियंता वाचक
सातपूर, नाशिक