उन्हाविना गेलेला मे

राजापूर,
9 जून 2025

चि. मुक्ता हिला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी मुद्दाम ऊन खायला घरी आले होते आणि नेमकं ऊनच नव्हतं. आता माझं डी व्हिटॅमिन वाढणार कसं?" तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं तिथंच राहिलं. तेव्हापासून तुझा तो प्रश्न डोक्यात घोळतोय. फोनवर सांगायला गेले तर पुन्हा अर्धवट राहील, म्हणून लिहायला बसले. समोर अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली आहेत, त्यामुळे तासभर इथून हलता येणार नाही. ते एक बरंच झालं.

आधी एक सांगते. रक्ततपासणीत तुझ्या डी व्हिटॅमिनचा 11 आकडा आला, तो या पावसामुळे आलेला नाही. 20च्या खाली गेलं की कमतरता धरतात, आणि तू तर त्याच्याही बरीच खाली आहेस. पण ही तपासणी तू एप्रिलमध्ये केली होतीस, पाऊस यायच्या आधी. डी व्हिटॅमिन अंगातल्या चरबीत साठून राहतं. दहा-पंधरा दिवस आभाळ आलं म्हणून ते एकदम तळाला जात नाही. तुझं ते गेली चार वर्षं थोडं थोडं सरत आलंय. सकाळी आठला काचबंद बसमध्ये बसायचं, दिवसभर काचेच्या इमारतीत काम करायचं आणि अंधार पडल्यावर खोलीवर यायचं. काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण कातडीत डी तयार करणारे किरण काचेत अडतात. खिडकीशी बसून ऊन घेतल्यासारखं वाटतं, पण त्या कामाला त्याचा उपयोग नाही. म्हणून "माझी सुट्टी फुकट गेली" असं मनाला लावून घेऊ नकोस. ऊन मिळालं असतं तरी दहा दिवसांत चार वर्षांची तूट भरून निघाली नसती.

पण सुट्टी तशी गेली याचं मलाही वाईट वाटलं, ते खरं. तू आलीस त्यानंतर तीनच दिवसांत आभाळ भरलं. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि 24 मेला ते रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आलं. त्याच दिवशी केरळात मोसमी पाऊस पोचला, दुसऱ्या दिवशी आपल्या शेजारी देवगडला आणि 26ला मुंबईत. मुंबईला एरवी तो 11 जूनच्या सुमारास जातो. आपल्याकडे मृगाची वाट बघायची, आणि यंदा रोहिणी लागते न लागते तोच खळ्यात पाणी साचलं. आजी म्हणाली, "यंदा गोधड्यांनी ऊन खाल्लंच नाही." सगळ्या गोधड्या तशाच दमट घडी करून ठेवल्या होत्या, त्यांना कसा कुबट वास मारत होता ते तू बघितलंच आहेस. तुझं सर्दीने नाक चोंदलं होतं ते मला त्या वासामुळेच वाटतं. आता पडलेल्या उन्हात दोन दिवस सगळ्या उलट्यापालट्या करून वाळवल्यात.

या पावसाने काय काय झालं ते सांगते. सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो सोलांनी. तुला लहानपणी हे काम फार आवडायचं, हात लालभडक करून घ्यायचीस. कोकमाचे रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, गरात मीठ घालून त्याचा रस सुटू द्यायचा आणि सालं त्या रसात बुडवून उन्हात पसरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवायची, पुन्हा पसरायची. अशी पाच-सहा पुटं बसली की साल काळंभोर आणि चामड्यासारखं चिवट होतं. आठ दिवस कडक ऊन हवं, मधे खंड पडून चालत नाही. मी 19 मेला दोन घमेली सालं घातली होती. दोन पुटं झाली आणि आभाळ आलं. घरात पंख्याखाली घातली, चुलीच्या वर फळीवर ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर सालांच्या आतल्या वळीत पांढरी बुरशी, अगदी कापसाच्या तंतूसारखी. बोटाने पुसली तर निघत होती, पण वास बदलला होता. आजी म्हणाली, मिठाच्या पाण्याने धुऊन घेऊ. मी ऐकलं नाही, दोन्ही घमेली उकिरड्यावर ओतली. वर्षाची बेगमी होती ती. आजी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर जे रातांबे पडले त्यांचं मी आगळ, म्हणजे खारवलेला रस, केलं. आगळाला ऊन लागत नाही, सढळ हाताने मीठ घालायचं आणि रोज दोन वेळा हलवत राहायचं. तेवढं साधलं. फणसपोळी मात्र झालीच नाही. ताटाला तूप लावून रस पसरला, आणि तो चार दिवसांनी आंबला.

हापूसची शेवटची तोडणी राहिली होती ना, ती झाडावरच गेली. अडीचशेच्या आसपास फळ असेल. पावसाचं पाणी लागलं की देठाकडून काळे डाग पसरतात, तो करपा. आणि फळमाशी तर विचारू नकोस, वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापला की आत अळ्या वळवळायच्या. जे हाती लागले ते पाणचट होते. तुला वाटलं असेल आपलं तोंडच गेलंय. तसं नव्हतं. झाडाच्या पानाला ऊन मिळालं नाही की साखर कमी तयार होते, आणि वर मुळातून पाणी भरपूर येतं, म्हणून फळ बेचव लागतं. क व्हिटॅमिनचंही तसंच आहे. उन्हात वाढलेल्या टोमॅटोत ते जास्त असतं, सावलीत वाढलेल्यात कमी. परसातल्या मिरच्यांची फुलं तर सगळी गळाली. आठ दिवस एक मधमाशी फिरकली नाही.

शाळेत एकोणतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. पण ऊन हा पिकाचा खुराक आहे, ही गोष्ट इतक्या जवळून यंदाच बघितली. झाड आठ दिवसांत सांगतं, मला उपासमार झाली. माणसाचं शरीर चार-चार वर्षं बोलत नाही. तुझी कंबर दुखायची, जिने चढताना मांड्या भरून यायच्या, आणि आपण म्हणायचो खुर्चीत बसून होतंय. तू माझी मुलगी, मी विज्ञान शिकवते, आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. हे मला लागून राहिलंय, म्हणून इतकं लिहिते आहे.

आता ऊन कसं घ्यायचं ते. आपल्याकडे कोवळं ऊन चांगलं म्हणतात, बाळाला तेल लावून सकाळी सातला अंगणात ठेवतात. ते ऊन सुखाचं असतं, पण डीसाठी फारसं कामाचं नाही. सूर्य खाली असला की त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरके येतात आणि आपल्याला हवे असलेले किरण वाटेतच गळतात. साधी खूण लक्षात ठेव, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ऊन उपयोगाचं. म्हणजे साधारण दहा ते तीन. तुझ्या जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की इमारतीच्या बाहेर वीसेक मिनिटं चाल, हात कोपरापर्यंत उघडे ठेवून. तेवढ्या वेळात हातांना क्रीम लावू नकोस, चेहऱ्याला लाव हवं तर. आपली कातडी सावळी आहे, तिला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि कातडी लाल होईपर्यंत थांबू नकोस, त्याने काही जास्त मिळत नाही. पुण्यात ढगाळ दिवस असला तरी बाहेर पड. दाट ढगात बरंच कमी मिळतं, पण अगदीच शून्य नसतं.

पण नुसत्या उन्हावर आता भागणार नाही, विशेषतः हे तीन-चार महिने. डॉक्टरांनी दिलेलं 60 हजार युनिटचं औषध घे. आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. आपल्या नात्यातल्या एका काकांनी ते रोज घेतलं, चिठ्ठी नीट वाचली नाही. दीड महिन्याने उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, बोलताना विसरायला लागले. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं, मूत्रपिंडावर येऊन ठेपलं होतं. ब आणि क व्हिटॅमिनं जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे निघून जातात, हे जात नाही, साठतं. रविवार धर, दुपारच्या जेवणानंतर घे. हे व्हिटॅमिन तेलातुपात विरघळणारं आहे, रिकाम्या पोटी घेतलंस तर अंगी कमी लागतं. आठ रविवार झाले की आपल्या मनाने पुढे चालू ठेवू नकोस, डॉक्टरांना विचार आणि पुन्हा तपासून घे.

खाण्यातून डी फार मिळत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे मग निराश व्हायला नको. तरी त्यातल्या त्यात बांगडा आणि तारली. आता 1 जूनपासून मासेमारी बंद आहे, ताजे 31 जुलैनंतरच. अंड्याचा पिवळा बलक टाकून देतेस ते आता बंद कर. आणि एक गंमत आहे, तू बटण मशरूम आणतेस ना, ते चिरून खालची बाजू वर करून भर दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेव. आपल्या कातडीसारखंच मशरूमही उन्हात डी तयार करतं. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलांना खोटं वाटायचं. नाचणीची भाकरी आठवड्यातून तीनदा तरी खा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण डी नसेल तर ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही. लहानपणी मुडदूस होतो तो ह्यानेच, आणि मोठ्यांची हाडं दुखतात तीही बऱ्याचदा ह्यानेच.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं समज. तू जाताना डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली होती. ते दाणे जुने, मार्चमधले होते, चांगले वाळलेले. ती खा. पण आपला उन्हाळी भुईमूग काढणीच्या वेळी भिजला, शेंगांना जमिनीतच मोड आले, आणि काढलेल्यांना वाळवायला ऊन नव्हतं. पिवळट-हिरवी बुरशी धरली. शेजारी म्हणाल्या, भाजून घेतले की काही होत नाही. होतं. त्या बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन, भाजल्याने पुरतं जात नाही, आणि ते यकृताला घातक आहे. मी सगळे दाणे टाकले, गुरांनाही घातले नाहीत, कारण ते दुधात उतरतं. बाबांना वाईट वाटलं, पण ते काही बोलले नाहीत. तर तिकडे बाजारातून दाणे, खोबरं, लाल मिरची घेताना यंदा जास्त बघून घे. दाणा कडवट किंवा खवट लागला तर थुंकून टाक, जगाला काय वाटेल त्याचा विचार करू नकोस. घाटावरचा कांदाही यंदा भिजलाय. चार-चार किलो घेऊन ठेवू नकोस, लागेल तसा आण.

बाबांचं विचारत होतीस. मेच्या शेवटी धूळवाफेवर भात पेरायचं होतं, पण जमीन इतकी चिकट झाली की वाफसाच येईना. वाडीत काहींनी घाई करून पेरलं, त्यांचं बियाणं वाहून गेलं. बाबा थांबले. पाऊस महिनाअखेरीला एकदम थांबला तसे त्यांच्या जिवात जीव आला. शुक्रवारी लावणीच्या रोपांसाठी तरवा पेरला. दिवसभर अनवाणी चिखलात असतात, म्हणून मी रोज पायांना कुठे जखम आहे का बघते. चिखलपाण्यातून जखमेवाटे अंगात शिरणाऱ्या लेप्टोच्या तापाच्या भीतीने झोप लागत नाही मला. गमबूट आणलेत, घालत नाहीत. तू फोनवर सांग, तुझं ऐकतील.

आणि ही अंगणातली सोलं. झाडाच्या शेंड्याला शेवटचे रातांबे राहिले होते, ते काढून पाच दिवसांपूर्वी घातलेत. आज चौथं पुट आहे. मघाशी एक उचलून वाकवून बघितलं, मोडलं नाही, बोटाला डागही कमी लागला. अजून दोन दिवस असंच ऊन मिळालं तर होतील. निदान तुझ्यापुरती तरी.

आगळाची बाटली येत्या शनिवारी इकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीत देते. काचेचीच आहे, ती तशीच ठेव, ॲल्युमिनियमच्या भांड्यात काढून ठेवू नकोस. मीठ भरपूर आहे, सोलकढीला वेगळं घालू नकोस. आणि बाटलीसोबत एक कागद दिलाय. त्यावर आठ रविवारांच्या तारखा लिहिल्यात, 15 जूनपासून. औषध घेतलंस की समोर खूण कर आणि मला फोन कर.

तुझी,
आई