इंग्लंडमधील काटकसरीचा भार कोणी वाहिला?

महोदय,

सरकारनेही अंथरूण पाहून पाय पसरावेत, असा सूर अर्थसंकल्पाच्या दिवसांत आपल्याकडे हमखास ऐकू येतो. गेली अठरा वर्षे मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील एका लहान शहरात राहते आणि सरकारने हात आखडता घेतला की उघड्यावर कोण पडते, हे जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

२००८ मध्ये बँका कोसळू लागल्या तेव्हा रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड, लॉइड्स यांसारख्या बँकांना तेथील सरकारने जनतेच्या पैशातून सावरले. मंदीमुळे तूट फुगली आणि २०१० मध्ये डेव्हिड कॅमेरन यांच्या सरकारातील अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ती भरून काढण्यासाठी मुख्यतः खर्चकपातीचा मार्ग धरला. मोठी कुऱ्हाड पडली ती स्थानिक परिषदांच्या, म्हणजे तिथल्या महापालिका-नगरपालिकांच्या, सरकारी अनुदानावर. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालानुसार इंग्लंडमधील हे अनुदान २०१०-११ ते २०१७-१८ या काळात, महागाई जमेस धरता, जवळजवळ निम्म्याने घटले. सधन भागांतील परिषदांना स्वतःच्या कराचा आधार होता. गरीब शहरे अनुदानावरच चालत असल्याने जिथे गरज अधिक, तिथेच कात्री खोलवर गेली.

वृद्धांची व निराधार मुलांची काळजी घेणे परिषदांना कायद्याने बंधनकारक आहे. वाचनालय आठवड्यातून किती तास उघडे असावे, हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही. बर्मिंगहॅमने जवळपास १९ कोटी पौंड खर्चून २०१३ मध्ये भव्य वाचनालय उघडले आणि २०१५ मध्ये त्याचे आठवड्याचे तास ७३ वरून ४० वर आणले. आमच्या वस्तीतले छोटे वाचनालय पूर्वी सहा दिवस उघडे असे. आता दोनच दिवस, तेही स्वयंसेवकांच्या भरवशावर. शेजारच्या एक वृद्ध बाई घरचा हीटर बंद ठेवून रोज सकाळी तिथे येत आणि रेडिएटरला पाठ लावून वर्तमानपत्र वाचत. आता उरलेले दिवस त्या घरातच कोट घालून बसतात.

बंधनकारक सेवाही सुटल्या नाहीत. समोरच्या घरातील अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांकडे येणाऱ्या मदतनीस बाईंना एका खेपेला पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात कपडे बदलायचे की खाऊ घालायचे, हे त्यांना रोज ठरवावे लागते. राहिलेले सगळे त्या गृहस्थांची मुलगी करते आणि त्यासाठी तिने नोकरीचे तास कमी केले आहेत. परिषदेच्या हिशेबात ही बचत दिसते. त्या मुलीचा बुडालेला पगार कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

२०२३ मध्ये बर्मिंगहॅम परिषदेने हात टेकले, म्हणजे खर्च भागवणे शक्य नसल्याचे जाहीर केले. समान वेतनाची थकलेली देणी आणि फसलेली संगणक प्रणाली हीही त्याची कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. पण दशकभराच्या कपातीनंतर धक्का सोसायला गाठीशी काही उरले नव्हते. २०२४ मध्ये तिथल्या रहिवाशांचा परिषद कर सुमारे १० टक्क्यांनी वाढला आणि सेवा आणखी घटल्या.

जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) हे पालिकांचे स्वतःचे कर गेल्यापासून आपल्या महापालिकाही मोठ्या प्रमाणावर राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून आहेत. त्यामुळे राज्याच्या तिजोरीवर ताण आला की पालिकेचा कोणता दवाखाना, कोणती बालवाडी आधी आकसेल, हा प्रश्न आपल्यालाही आजच विचारता येईल. अर्थसंकल्पाच्या बातम्यांत किती कोटी वाचले या आकड्याशेजारी, त्यापायी कोणती सेवा किती तासांनी कमी होणार, हेही आपल्या दैनिकाने छापावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, मिडलंड्स, इंग्लंड