ऐकायची सोय भरपूर आहे, लिहायला शिकायची कुठे आहे?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत मराठीत ऐकायला काही कमी नाहीये. दादरला अमर हिंद मंडळाची वसंत व्याख्यानमाला असते, पार्ल्यात मॅजेस्टिक गप्पा होतात, उपनगरांत अत्रे कट्टे आहेत, कुठे ना कुठे पुस्तक प्रकाशन, कविसंमेलन, लेखकाची मुलाखत चालूच असते आणि हे सगळं चांगलंच आहे, जमेल तेव्हा मीही जाते. पण ज्याला स्वतःला लिहायचंय, कथा म्हणा ललित म्हणा आठवणी म्हणा, आणि ते लिहिलेलं कुणीतरी नीट वाचून सांगायला हवंय की बाई हे जमलंय आणि हे नाही, त्याने जायचं कुठे? दिवाळी अंकाला कथा पाठवली तर छापली किंवा नाही एवढंच कळतं, बऱ्याचदा तेही कळत नाही. संपादकांना दोष देत नाही मी, एकेका अंकाकडे ढिगाने मजकूर येतो, प्रत्येकाला उत्तर कुठून देणार. पण नवीन माणूस का अडला हे त्याला कुणीच सांगत नाही, दोन-तीन वर्षं तो पाठवत राहतो आणि मग सोडून देतो.

एक दिवसाची शिबिरं होतात, नाही असं नाही. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास होतात, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला होतात. पण त्यात उद्घाटन, सत्कार, दोन व्याख्यानं, जेवण एवढ्यात दिवस जातो, शेवटी अर्धा तास प्रश्नोत्तरं आणि सर्टिफिकेट. बोलणारे मनापासून बोलतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण आलेल्या माणसाने घरून वहीत लिहून आणलेलं वहीतच राहतं, ते कुणी ऐकतच नाही.

मी हे एवढं ठामपणे लिहितेय कारण वेगळ्या पद्धतीने चालणारा वर्ग मी पाहिलाय. मध्य मुंबईतल्या एका साहित्य संस्थेत शनिवारी संध्याकाळी लेखनवर्ग चालायचा, बारा-पंधरा माणसं, फी अगदी बेताची, आणि शिकवणाऱ्या बाई व्याख्यान जवळजवळ द्यायच्याच नाहीत. दर वेळी दोघांचं लिखाण. आदल्या बुधवारपर्यंत ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं, सगळ्यांनी वाचून यायचं, मग वर्गात ज्याचं त्याने मोठ्याने वाचायचं आणि बाकीचे बोलत असताना लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. हा नियम सुरुवातीला फार जाचतो हो. आपल्याला सारखं सांगावंसं वाटतं की अहो मला तसं म्हणायचं नव्हतं. पण पुस्तक छापून लोकांच्या हातात गेल्यावर लेखक काय प्रत्येकाच्या शेजारी बसून समजावणारे का, जे आहे ते कागदावरच असायला हवं, हे तिथे पटतं. आणि मोठ्याने वाचताना जिथे आपलीच जीभ अडखळते ते वाक्य बदलायचं हे तर कुणी सांगावंच लागत नाही.

आमच्यात एक नर्स होती, एक रिटायर्ड बेस्ट कंडक्टर होते, कॉलेजची दोन मुलं होती, बाकी आम्ही ऑफिसातली मंडळी. पोळी-भाजी केंद्रात काम करणाऱ्या एका ताई होत्या, त्यांनी नवरा गेल्यानंतरच्या वर्षाबद्दल लिहिलं होतं. पहिली तीन पानं दुःखाचीच होती, शब्द सगळे ओळखीचे, आणि चौथ्या पानावर त्या रेशनकार्डावरून नाव कमी करायला गेल्या तो प्रसंग होता, खिडकीवरचा माणूस फॉर्म भरायला सांगतो आणि यांचा पेन चालत नाही. सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं की ताई तुमची गोष्ट इथून सुरू होते. पुढच्या महिन्यात त्यांनी पहिली तीन पानं काढून टाकून परत लिहून आणलं, दुःख हा शब्द एकदाही नव्हता त्यात आणि वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. हे त्यांना व्याख्यानातून कळलं असतं असं मला वाटत नाही. आणि पाहणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच त्यातून आपापल्या लिखाणाबद्दल कळलं ते वेगळंच.

तो वर्ग पुढे बंद पडला. हॉल शनिवारी भाड्याने जायला लागला, वर्गासाठी धडपडणारे कार्यवाह बदलले, बस. संस्थेलाही खर्च असतात हे मला समजतं, पण वर्ग चालावा म्हणून भांडणारं कुणी उरलं नाही याचं वाईट वाटतं.

हे बोलायला लागलं की लोक हमखास म्हणतात, लेखक काय शिकवून होतो का. गाणं शिकायला आपण पोराला क्लासला घालतो, रियाज कर म्हणतो, तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि मराठीत लिहायला शिकवल्याची उदाहरणं काय कमी आहेत? सुरेश भटांनी गझल लिहू बघणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' तयार केली, मतला काय, रदीफ काय, काफिया काय, वृत्त कसं सांभाळायचं हे त्यात उलगडून सांगितलं आणि त्यातून कितीतरी जण शिकले. नाटकाचं बघा. आयएनटी म्हणजे इंडियन नॅशनल थिएटर, त्यांच्यासारख्या एकांकिका स्पर्धांमुळे मुंबईच्या कॉलेजात पोरं रात्ररात्र तालमी करतात, लिहिलेला संवाद नटाच्या तोंडात बसत नाही हे तिथल्या तिथे कळतं, लेखक तो बदलतो, परत तालीम, परत बदल. मालिका आणि सिनेमा लिहिणारे इतके जण एकांकिकांमधून आले ते उगाच नाही, त्यांना तालमीने शिकवलं. कथा-कादंबरीवाल्यांना अशी तालीमच नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

जागेचं म्हणाल तर मुंबईत जागा नाही हे सगळीकडे खरं असलं तरी इथे नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून आहे, गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ 1935 पासून आहे, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ शंभरी ओलांडून गेला, शिवाय प्रत्येक उपनगरात छोटी-मोठी वाचनालयं आहेतच. आपल्या आधीच्या लोकांनी वर्गण्या काढून हे सगळं उभं केलंय. खूप ठिकाणी अभ्यासिका चालतात आणि त्यात स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात, कारण घरी बसायला जागा नसते. लिहिणाऱ्याचंही तेच आहे ना, वन रूम किचनमध्ये चार माणसं आणि टीव्ही चालू असताना कथा लिहून दाखवा. एक कोपरा, दोन टेबलं, संध्याकाळी सहा ते नऊ लिहिणाऱ्यांसाठी ठेवली तरी खूप होईल, आणि महिन्यातून दोनदा त्याच टेबलाभोवती वर्ग.

पैशाचा प्रश्न येणार हे माहितेय. सार्वजनिक ग्रंथालयांना 1967 च्या कायद्याखाली अनुदान मिळतं ते अ, ब, क, ड अशा वर्गवारीने, आणि वर्गवारी ठरवताना पुस्तकं किती, सभासद किती, पेपर-मासिकं किती, किती तास उघडं असतं हे बघतात. त्यातच वर्षभर चालणाऱ्या लेखनवर्गाला किंवा वाचनकट्ट्याला थोडं वजन द्यावं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच झाला, आता त्या निमित्ताने जे उपक्रम होतील त्यात सोहळ्यांबरोबर हेही धरा ना. शिकवणाऱ्याला मानधन द्यायलाच हवं, फुकटात बोलावून शाल-श्रीफळ दिलं की वर्ग टिकत नाही.

वेळेचं मात्र आयोजकांनी नीट बघावं. बुधवारी दुपारी चारला कार्यशाळा ठेवली तर नोकरी करणारा कसा येणार? आणि रविवारी सकाळी अकराला ठेवली तर मध्य आणि हार्बरला मेगाब्लॉक, कल्याणचा किंवा पनवेलचा माणूस घरून निघतच नाही. शनिवारी संध्याकाळ बरी, दादर बरं कारण पश्चिम आणि मध्य दोन्ही लाइनींना पडतं, पण सगळं दादरलाच नको, रात्री साडेनऊला दादरहून बदलापूर गाठायचं म्हणजे बायकांना घरचे दोन वेळा विचारतात. भांडुप, घाटकोपर, बोरिवली, चेंबूर इथल्या वाचनालयांनी आपापल्या भागात केलं तर चालत जाता येईल. महापालिकेच्या शाळांचे बरेच वर्ग तर संध्याकाळी रिकामेच असतात. काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत पुस्तकांचे कार्यक्रम होतात, गर्दी असते, चांगलं वाटतं बघून, पण ते बहुतेक इंग्रजीत आणि वर्षातून काही दिवसच. मला हवाय तो वर्ग साधा, गाजावाजा नसलेला आणि मराठीतला, कुणी मालवणीत लिहिलं, कुणी आगरीत, कुणी वऱ्हाडीत तरी ते तसंच वाचलं जाईल असा.

आणि एक विनंती तुम्हाला. 'आजचे कार्यक्रम' मध्ये कार्यशाळेची बातमी त्याच दिवशी सकाळी येते, तोवर आम्ही गाडीत असतो. व्याख्यानाचं ठीक आहे, पण लेखनवर्गाला नाव नोंदवायचं असतं, आधी काही वाचून किंवा लिहून न्यायचं असतं, ऑफिसात सांगून लवकर निघायचं असतं. तर निदान अशा वर्गांची माहिती आठ दिवस आधी, शनिवारच्या पुरवणीत एका चौकटीत द्याल का? कुठे, किती वाजता, फी किती, किती आठवडे आणि लिहून आणलेलं तिथे वाचलं जाणार आहे की नाही, एवढं आलं तरी पुरे. ज्या वाचनालयांना असा वर्ग सुरू करायचाय त्यांनाही त्यातून माणसं मिळतील.

कळावे,
एक वाचक, भांडुप