सी. के. नायडू इंदूरचे नव्हेत, आपले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीतली 'नागपूरची रत्ने' ही यादी वाचली. एक दिवस जाऊ दिला, पण राग उतरला नाही. पानभर नावे, वर ठळक मथळा, खाली चौकटीत 'सर्वांचा जन्म नागपूरचा' असे छातीठोक विधान, आणि त्यात सी. के. नायडूंचे नाव कुठेच नाही! भारताचा पहिला कसोटी कर्णधार या शहरात जन्मला आणि याच शहरातून निघणाऱ्या दैनिकाला त्याचा विसर पडला, हे काही केल्या पटत नाही.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. शिक्षण इथल्याच हिस्लॉप कॉलेजिएट शाळेत. १९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत (युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार संघांच्या स्पर्धेत) हिंदू संघाकडून ते प्रथम श्रेणीत उतरले, ते नागपूरचा खेळाडू म्हणूनच. इंदूर संस्थानच्या होळकर महाराजांनी त्यांना इंदूरला नेले ते पुढे १९२३ मध्ये, म्हणजे खेळाडू पूर्ण घडल्यावर. गफलत सुरू होते ती इथून. त्यानंतरच्या सगळ्या नोंदींत नायडू म्हटले की होळकर संघ, होळकरांच्या सैन्यातला हुद्दा, इंदूरचा पत्ता, आणि शेवटी १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरलाच मृत्यू. संघांच्या याद्या चाळून शहराची माणसे शोधणाऱ्याच्या हाती नायडू लागणारच नाहीत. ते शोधायचे तर जन्मस्थळाच्या रकान्यातच पाहावे लागते.

डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई जिमखान्यावर एमसीसी या इंग्लंडहून आलेल्या संघाच्या गोलंदाजीवर ११ षटकार मारत १५३ धावा काढणारा माणूस हाच. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला तेव्हा संघ मैदानात आणणारा हाच, आणि त्या पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावाही याच्याच. विस्डेन या इंग्लंडच्या क्रिकेट वार्षिकाने १९३३ मध्ये वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंत त्यांना घेतले. १९५६ साली पद्मभूषण मिळाले. आजही बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही १९१४ साली नागपुरातच जन्मले आणि ११ कसोटी खेळले. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्यांनी दोन्ही डाव मिळून ९१७ चेंडू टाकले. एका घरातले दोन कसोटीपटू सुटले, आणि पुरवणीतल्या तीन ओळी मात्र एका चित्रपट दिग्दर्शकाच्या आवडत्या मिठाईवर खर्ची पडल्या.

आता ज्यांना बळेच इथे जन्माला घातले त्यांच्याविषयी. सुरेश भटांचा जन्म १५ एप्रिल १९३२ चा, अमरावतीचा. नागपुरात त्यांचा २००३ मध्ये मृत्यू झाला. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. कवी अनिल आणि वसंतराव देशपांडे हे दोघेही मूर्तिजापूरला जन्मले. कुसुमावती देशपांडे, १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, त्याही अमरावतीच्या. ही सगळी माणसे नागपूरची आहेतच. त्यांनी इथे लिहिले, शिकवले, गायले, इथल्या रस्त्यांवरून ती चालली. पण जन्म अमरावतीचा असताना तो नागपूरचा म्हणून छापणे हा त्या गावावर अन्याय आहे. कवी ग्रेस तेवढे बरोबर आले. जन्म नागपूर, १९३७.

स्टीफन हिस्लॉप यांना तुम्ही 'हिस्लॉप कॉलेजचे संस्थापक' केले आहे. कॉलेज १८८३ चे, आणि हिस्लॉप त्याआधी वीस वर्षे गेलेले. हा स्कॉटिश पाद्री १८४५ मध्ये नागपुरात आला, त्याने शाळा काढली, आणि टाकळीच्या आसपासच्या खडकांत जीवाश्म शोधत हिंडला. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटच्या शिलावर्तुळांचे (प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांचे) उत्खनन पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. हिस्लोपाइट या खनिजाला त्याचेच नाव आहे. यातले एक वाक्य तरी यायला हवे होते.

अशी यादी करायची तर प्रत्येक नावापुढे चार रकाने आखावेत: जन्म, शिक्षण, वास्तव्य, मृत्यू. मग 'नागपूरचा' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला ते आपोआप दिसते. जुन्या माणसांचा जन्म तपासायला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पुरेसे नाही. त्यात १ जून किंवा १ जुलै दिसली की ती तारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याचीच शक्यता जास्त. खेड्यातला जन्म असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढावी. त्यात बहुधा बाळाचे नाव नसते. वडिलांचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच असते, म्हणून भावंडांचा क्रम लावून नोंद जुळवावी लागते. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे नोंद वडिलांच्या गावी सापडली नाही तर आईच्या गावी पाहावी. अनेक वाद एवढ्यावरच मिटतात. काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण पान भरायचे ठरवल्यावर ते करायलाच हवे.

जाता जाता आणखी एक. तुमचे 'चूकभूल' हे सदर आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, बारीक टायपात येते. मूळ चूक पुरवणीच्या पहिल्या पानावर रंगीत छापायची आणि दुरुस्ती भिंग लावून शोधायची, हे वाचकांशी बरे वागणे नाही. ऑनलाइन आवृत्तीत तर चुकीची यादी आज सकाळपर्यंत तशीच होती, आणि शाळकरी मुले प्रकल्पासाठी तिथूनच उतरवतात.

३१ ऑक्टोबरला नायडूंची जयंती आहे. तिच्याआधीच्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकाराच्या टायपात दुरुस्त यादी द्यावी आणि तिची सुरुवात दोन्ही नायडू बंधूंपासून करावी, ही विनंती. हे पत्र काटछाट करून छापणार असाल तर बाकी काहीही गाळा, तारखा गाळू नका.

आपला,
एक नियमित वाचक
धंतोली, नागपूर