मज्जारज्जूची इजा आणि स्त्रियांची वेदना

संपादक महोदय,

मज्जारज्जूच्या इजेनंतरची वेदना स्त्री आणि पुरुष यांच्यात सारखीच असते, हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज आहे. अपघाताने अशी इजा झालेल्यांमध्ये पुरुषांची संख्या स्त्रियांच्या किमान दुप्पट असते, त्यामुळे अभ्यासांतही स्त्रिया अल्पसंख्य राहतात आणि निघालेली सरासरी प्रामुख्याने पुरुषांची असते. प्रयोगशाळेतील वेदनासंशोधन तर अनेक दशके मुख्यतः नर उंदरांवर होत आले; माद्यांच्या संप्रेरकचक्रामुळे निष्कर्ष विस्कळीत होतील, असे कारण दिले जाई.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मात्र असे आढळले, की चेतातंतूला इजा झाल्यानंतर नर उंदरांमधील वेदना मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींवर अवलंबून असते, तर त्या पेशी निष्क्रिय केल्या तरी माद्यांची वेदना कमी होत नाही, कारण तिथे बहुधा टी-पेशी या वेगळ्या रोगप्रतिकारक पेशींचा मार्ग कार्यरत असतो. म्हणजे केवळ नरांवर पारखलेले औषध माद्यांमध्ये निरुपयोगी ठरू शकते. उंदरांवरून थेट माणसांबद्दल बोलू नये, हे मान्य. पण प्रश्न टाळण्यासाठी ती सबब पुरेशी नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून संशोधन-प्रस्तावांत नर-मादी किंवा स्त्री-पुरुष या जैविक फरकाचा विचार अपेक्षित धरला आहे. तरीही दोन्ही लिंगांचा नुसता समावेश करून आकडे एकत्र मिसळले, तर फरक दिसणारच नाही. स्नायूंची ताकद किती परतली आणि जळजळणारी वेदना किती उरली, याची नोंद स्त्री-पुरुषांसाठी वेगळी प्रसिद्ध व्हावी.

आपली एक वाचक